पाण्याच्या पाळीसाठी तीन पत्ते

माझ्या उजव्या हाताची मधली दोन बोटं नीट बघितलीत तर पेरं जाड दिसतील. लोकांना वाटतं, शेतातल्या कामानं झाली असतील. कसलं काम! वडिलांच्या छडीनं झालीत ती. पत्ते शिकवताना माझ्या बापानं मला जेवढं बडवलं, तेवढं शाळेत मास्तरांनी पोरांना बडवलं असतं तर आमच्या फलटण तालुक्यात घरटी एक कलेक्टर निघाला असता.

वडील पलटणीत हवालदार होते. पेन्शन घेऊन गावी आले ते एक पत्र्याची ट्रंक, एक बहिरा कान आणि पत्त्यांचा जोड घेऊन. गावातली माणसं त्यांच्याबरोबर खेळायला बसायची, पण एकदाच. दुसऱ्यांदा कोण बसणार? हरले की हे समोरच्याच्या गळ्याला धरायचे. आईला पत्त्यांचा विटाळ. मुलगा झाला नव्हता. मग राहिले कोण, तर मी. अंगणात पोतं टाकायचं, मध्ये चिंचोक्यांचा ढीग करायचा आणि तीन पत्ती खेळायची.

खेळ तसा साधा आहे. प्रत्येकाला तीन पानं. पानं बघून किंवा न बघता चाल करायची, म्हणजे चिंचोके मधे टाकायचे. पान वाईट वाटलं तर टाकून द्यायचं, त्याला पॅक म्हणतात. शेवटी दोघंच उरले आणि एकानं शो मागितला की पानं उघडायची, ज्याची भारी त्याचे चिंचोके. पण शो होईपर्यंत कुणाकडं काय आहे ते कुणालाच माहीत नसतं, आणि सगळी मजा आणि सगळी मारामारी तिथंच असते.

वडिलांचा पहिला धडा श्वासाचा. एक्का दिसला आणि माझा श्वास जरा जरी अडकला की फाट्कन छडी बोटांवर. "मुडद्यागत बस! मुडदा एक्का बघून हसतोय का?" दुसरा धडा पॅक करायचा. मी हट्टी, मला पान टाकणं म्हणजे हार वाटायची. तेव्हा ते म्हणायचे, "माघार घेतलेला सैनिक उद्या लढतोय. मेलेला न्हाई लढत. टाक पान." आणि छडी. तिसरा धडा मला सगळ्यात उपयोगी पडला. "तोंडाकडं बघू नगंस. तोंड खोटं बोलायला लहानपणीच शिकतंय. हात बघ. हाताला कुणी खोटं बोलायला शिकवत न्हाई."

चौथा धडा होता रागाचा. राग आला की पत्ते खाली ठेवायचे आणि उठून जायचं. हा धडा शिकवायला ते स्वतःच नालायक होते. पलटणीत पत्त्यांवरून एका सोबत्याचा जबडा फोडला म्हणून त्यांची बाहीवरची फीत उतरवली होती, पुढं वर्षं घालवून ती परत मिळवावी लागली. ते सांगतानासुद्धा त्यांचं तोंड लाल व्हायचं. आणि मी त्यांचीच लेक. चिडले की चिंचोके भिरकावून द्यायची. मग ते मला मारायचे, मी त्यांच्या मनगटाला चावायची आणि आई चुलीपुढून ओरडायची, "एक मेला तरी दुसऱ्याला जेवायला वाढीन, पण आता गप बसा!"

लग्न करून मला दिली ती सांगली जिल्ह्यात, विट्याच्या पुढं, येरळेच्या काठाला. पाठवणीत वडिलांनी एक पंढरपुरी म्हैस दिली आणि कानात सांगितलं, "तिथं पत्ते येत्यात म्हून बोलू नगंस. बायकांनी न्हाई सांगायचं." मी नाही सांगितलं. रागाचं मात्र लपवता आलं नाही. नवी नवरी असतानाच बांधाचा दगड सरकवणाऱ्या एका गड्याच्या टाळक्यात मी शेणाची पाटी घातली. तेव्हापासून सगळं गाव मला 'फलटणवाली' म्हणायला लागलं आणि लांबून चालायला लागलं.

आमच्या भावकीत दोनच घरं आणि मध्ये एक विहीर. एक घर आमचं: मी, नवरा, सासू. दुसरं माझ्या थोरल्या चुलत दिराचं. मानानं 'ते' म्हणायला पाहिजे, पण मी म्हणणार नाही. लिहिणारी मी आहे. थोरला दीर अंगानं आडवा, एके काळी कुस्त्या केलेला, गावच्या जत्रेत नारळाची, म्हणजे बक्षिसाला नुसता नारळ मिळणारी, कुस्ती मारल्याचं वय उतरलं तरी सांगत बसायचा. विहिरीच्या पाण्याची पाळी ठरलेली होती: एक दिवस त्यांचा, एक दिवस आमचा. आजेसासऱ्यांच्या काळात मोटेवर चालायची ती पाळी आता डिझेलच्या इंजिनावर चालत होती, एवढाच फरक. कागद नव्हता. विहिरीच्या थारोळ्यावर, म्हणजे पूर्वी मोट जिथं रिकामी व्हायची त्या दगडी हौदावर, हात ठेवून दिलेला शब्द होता आणि आमच्याकडं तो कागदापेक्षा जड धरतात.

बाहत्तरच्या दुष्काळात त्या विहिरीचा तळ दिसायला लागला. रात्रभर झरे पाझरायचे तेव्हा दिवसा घटकाभर इंजिन चालेल एवढं पाणी साठायचं. तेवढ्यावर आमचा कडवळाचा, ओल्या वैरणीचा, एक तुकडा हिरवा होता, त्यावर म्हैस होती, आणि म्हशीवर आम्ही. बाकी रान पेटवलं तरी धूर निघाला नसता. शेजारची घरं कुलपं लावून सरकारी कामावर खडी फोडायला गेली होती. पाळी होती म्हणून आम्ही घरात होतो.

रानात काम नाही म्हटल्यावर पुरुष काय करणार? विहिरीवरच्या आंब्याखाली पत्ते पिसायला लागले. आधी चिंचोक्यांवर, मग विड्यांवर, मग कोंबड्यांवर. आणि एका दुपारी माझा नवरा तोंड काळं करून घरी आला. भाकरीला हात लावेना. सासूनं खोदून खोदून विचारलं तेव्हा भिंतीकडं बघत म्हणाला, "पाळी गेली."

"कसली पाळी?" सासू म्हणाली.

"पाण्याची. पाऊस पडूस्तवर सगळं पानी त्याचं."

संक्रांत नुकतीच झाली होती. पाऊस म्हणजे अर्धं वर्ष लांब. माझ्या हातात काठवट होती, ती मी त्याच्या अंगावर फेकली. काठवट चौकटीवर आपटून दुभंगली. सासूनं मला नाही अडवलं. ती उठली, देव्हाऱ्यातला भंडारा घेतला, परड्यातून बेलाची पानं तोडून आणली आणि लेकापुढं पाट मांडून म्हणाली, "उचल! पुन्ना पत्त्याला हात लावणार न्हाई म्हून बेलभंडारा उचल, न्हाईतर ह्या घरातनं चालता हो!" त्यानं उचलला. आमच्याकडं बेलभंडारा उचलून शब्द मोडला तर वंश बुडतो म्हणतात. माणूस जीव देईल पण तो शब्द मोडणार नाही.

दुसऱ्या दिवशी सासू आणि नवरा गावातल्या म्हाताऱ्या पंचाकडं गेले. त्या म्हाताऱ्याचा शब्द दोन्ही घरं मानायची. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि थुंकून म्हणाला, "थारोळ्यावर हात ठिवून पाळी लावलीस न्हवं? मग झालं. खेळून गेलंय ते खेळूनच आलं पायजे. बस त्याच्याफुडं आन् जित परत."

नवरा म्हणाला, "मी बेलभंडारा उचललाय, आबा."

म्हातारा हसला नाही. "कवा?"

"काल."

"लय शाना हाईस."

सासू घरी आली ती कपाळ बडवत. आपल्याच हातानं तिनं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता. हातातली काठी रागाच्या भरात मोडायची आणि मग कुत्रं अंगावर आलं की ओरडायचं, असली आमची जात! नवरा म्हणाला, म्हैस विकू आणि शिरवळकडं रस्त्याच्या कामाला जाऊ. म्हैस कोण घेणार होतं त्या साली? कसाई. दुसरं कोण.

त्याच आठवड्यात खळ्यावर थोरली जाऊ हुलगे बडवत बसली होती. थोरल्या दिराची बायको. जतकडची, कानडी मुलखाच्या कडेची, मी तिला अक्का म्हणायची. दोन घरांत पाण्यावरून उभा दावा, पण बायकांना एकमेकींच्या दारात विस्तव मागायला जावंच लागतं. मी तिच्याशेजारी बसून भुसा पाखडायला लागले. पदर सरकला तेव्हा तिच्या खांद्यावर हिरवंनिळं दिसलं. मग तीच बोलली.

"काल टाळी जोरात पडली हुती. मला कळलं हुतं, पर गोठ्यात जायला उशीर झाला."

"कसली टाळी?"

"तंबाखूची गं." आणि तिनं तळहातावर अंगठा घासून दाखवला. "मळून झाली की टाळी मारत्यात न्हवं? हळू पडली तर मानूस निवांत हाय समजायचं. जोरात पडली की पोटात भ्या हाय. पोलीस पाटील दारात आला, बैलानं वैरण टाकली, कुठं काय चुकलं, की जोरात. त्येंच्या तोंडावर काय दिसत न्हाई. हसत्यात बी. आन् मग ते भ्या माझ्या पाठीवर उतरतंय."

तिनं ते असं सांगितलं, जसं कुणी सांगावं की ढग त्या बाजूनं आला तर पाऊस नाही. सांगून झाल्यावर बडवणं उचलून हुलग्यावर हाणायला लागली. माझ्या अंगावर मात्र काटा आला. वडिलांनी बोटं सुजवून मला जे शिकवलं होतं, ते ही पाठ सुजवून घेऊन शिकली होती, आणि माझ्यापेक्षा चांगलं.

मग पुढचे काही दिवस मी काहीतरी निमित्त काढून आंब्याजवळ जायला लागले. कधी गोवऱ्या वेच, कधी म्हशीला सावलीत बांध. पुरुषांना वाटायचं, फलटणवाली इंजिनावर डोळा ठेवून आहे. माझा डोळा थोरल्याच्या तळहातावर होता. पान भारी आलं की तो तंबाखू मळायचा आणि टाळी न मारताच ओठाखाली सारायचा. पान रद्दी असलं आणि उगाच चाल रेटायची असली की टाळी अशी वाजायची की म्हैस मान वर करायची. अक्काचं खरं होतं.

सासूला मी सांगितलं, "मी बसती खेळायला."

ती बघतच राहिली. "तुला पत्तं येत्यात?"

"येत्यात."

"कुणी शिकवलं?"

"बापानं."

सासूनं देव्हाऱ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "तू बेलभंडारा उचलला न्हाईस, व्हय ना?"

"न्हाई."

"मग डुईवर पदर घे नीट आन् जा."

नवरा आडवा आला. भावकीत अब्रू जाईल म्हणाला. मी म्हणाले, "पाण्याच्या वक्ताला अब्रू कुठं ठिवली हुती? हो बाजूला." तो बाजूला झाला नाही, पण मागून आला.

सकाळचं उन्ह वर आलं होतं. आंब्याखाली थोरला दीर, म्हातारा पंच आणि गावातली चारदोन रिकामी माणसं. अक्का पलीकडं खळ्यावर हुलगे बडवत होती. मी पोत्याच्या कडेला बसले आणि म्हणाले, "भाऊजी, पाळी लावा. मी म्हस लावती."

आधी सगळे हसले. थोरल्या दिरापुढं भावकीतली सून उभी राहत नाही, बोलत नाही, आणि ही बसून पत्ते मागतेय! मग म्हाताऱ्यानं हात वर केला. "खेळून गेलंय ते खेळूनच यायचं, असं मी बोललो हुतो. कुणी खेळायचं ते न्हवतो बोललो."

थोरल्याच्या डोळ्यांसमोर म्हैस आली असणार. ती म्हैस आल्यापासून त्याच्या डोळ्यांत होती. आणि माझा राग सगळ्या गावाला ठाऊक. तो म्हणाला, "दोन डावात पेटती का न्हाई बघा. चल, बस." ठरलं असं: दोघांपुढं सारखे चिंचोके. पानं म्हातारा वाटणार. आंब्याची सावली थारोळ्याला लागली की इंजिन चालू करायची वेळ होते, तेव्हा खेळ थांबवायचा. त्या वेळी ज्याच्यापुढं ढीग मोठा, आमची हरलेली पाळी त्याची. थोरला जिंकला तर म्हैसही त्याची.

मी पॅक करत सुटले. पहिला डाव पॅक, दुसरा पॅक, मधेच एखादी लहान चाल, परत पॅक. रिकामी माणसं फिदीफिदी हसायला लागली. माझा ढीग हळूहळू खाली बसत होता. थोरला टोचायला लागला. "नवऱ्याला चुलीपाशी बसवून आलीस व्हय? न्हाई न्हाई, हितंच हुबा हाय की. ए, बायकूला पानी दे, घसा सुकला आसंल! आमच्या पाळीतलं दे, तुमचं कुठनं आणणार?"

आईशप्पथ सांगते, त्या क्षणी मला त्याचं नरडं फोडावंसं वाटलं. कानशिलं तापली. हातातली पानं दिसेनात. मग मी उजव्या हाताची ती दोन बोटं दुसऱ्या हातानं दाबून धरली, जिथं छडी बसायची तिथंच, जोरात, दुखेपर्यंत. मुडदा एक्का बघून हसतो का? नाही. मुडदा शिव्या ऐकून उठतो का? नाही. मी पान टाकलं.

मधे एकदा माझ्याकडं तीन राण्या आल्या. थोरल्यानं तंबाखू मळली आणि गुपचूप ओठाखाली सारली, म्हणजे त्याच्याकडंही भारी होतं. मी राण्यांवर सावकाश चाल केली, तो वाढवत गेला, आणि शो झाला तेव्हा त्याच्याकडं रांग, म्हणजे ओळीतली तीन पानं, निघाली. राण्यांनी रांग खाल्ली. पहिल्यांदाच हसणं थांबलं. माझा ढीग त्याच्या जवळपास आला, पण त्याचाच मोठा होता, आणि सावली थारोळ्यापासून हातभर राहिली होती.

म्हाताऱ्यानं परत पानं वाटली. थोरल्यानं पानं बघितली, खिशातली चंची काढली, तंबाखू मळायला घेतली आणि मोठी चाल केली. अंगठा फिरतोय, फिरतोय, आणि फाट्! टाळी अशी वाजली की खळ्यावर अक्काचं बडवणं थांबलं. आवाज थांबला म्हणून मी तिकडं बघितलं. ती आमच्याकडंच बघत होती. तिनं ती टाळी ओळखली होती. मीही.

मग मी माझी पानं बघितली. दुर्री, पंजी, अठ्ठी. तीन रंगांची, भिकारडी. ह्याहून वाईट पान मागून मिळालं नसतं. पॅक करावं तर सावली लागली आणि ढीग त्याचा मोठा, पाणी गेलं, म्हैस गेली. शो मागावा तर त्याच्या रद्दीत नुसता एक गुलाम असला तरी मी मेले. एकच वाट होती. शो त्यानंही मागता कामा नये, आणि पानं त्यानं टाकली पाहिजेत.

आणि मग मी माझा राग मोकळा सोडला. सकाळपासून आत कोंडलेला, खरा, बापाकडून आलेला. गुडघ्यावर उभी राहिले, पदर डोक्यावरून पडला तर पडू दिला, माझ्यापुढचे सगळे चिंचोके दोन्ही हातांनी मधे ढकलले आणि ओरडले, "आवं, करा की शो! म्हस न्यायचीया न्हवं? ठिवा तेवढंच फुडं आन् उगडा पानं! कुस्त्या मारल्यात म्हून सांगता जगाला, बाईफुडं तीन पानं उगडायला हात का लटलटाय लागलं?"

त्यांना काय वाटलं माहीत आहे? राग आलेली फलटणवाली. टाळक्यात पाटी घालणारी. हिच्या पोटात काही राहत नाही, म्हणजे हिच्याकडं तीन एक्के असणार. थोरला माझ्या तोंडाकडं बघत होता. मी त्याच्या हाताकडं बघत होते. मळून झालेल्या तंबाखूवर त्यानं दुसऱ्यांदा टाळी मारली. धूळ उडून म्हाताऱ्याच्या डोळ्यांत गेली. आणि त्यानं पानं पालथी टाकली.

"पॅक. आजून एक डाव हाय."

म्हातारा डोळे चोळत होता. चोळता चोळताच त्यानं बोट दाखवलं. सावली थारोळ्याच्या दगडावर चढली होती. माझ्यापुढचा ढीग मोठा होता. ते बघायला मोजायची गरज नव्हती.

"पाळी हिच्या घरला परत गेली," म्हातारा म्हणाला.

थोरल्याला ते डोक्यात शिरायला वेळ लागला. मग त्यानं झडप घालून माझी पानं उलटी केली. पॅक केलेल्याला समोरच्याची पानं बघायचा हक्क नसतो, पण तेव्हा कोण सांगणार? दुर्री, पंजी, अठ्ठी. कुणीतरी खदाखदा हसलं. हसणारा कोण होता कळलं असतं तर त्या दिवशी तो मेला असता.

थोरला उठला आणि इंजिनाचं लोखंडी हँडल उचललं. माझा नवरा मधे पडला. त्यानं खरंच झेप घेतली, हे मी त्याच्या नावावर जन्मभर लिहून ठेवलंय. हँडल त्याच्या कपाळावर बसलं. कातडी फाटली, रक्त डोळ्यांत उतरलं, तरी त्यानं थोरल्याची कंबर सोडली नाही. थोरल्यानं त्याला झटकून विहिरीच्या कडेला आपटलं आणि माझ्याकडं वळला. माणसं? माणसं मागं सरकली. मी हाताला लागला तो धोंडा घेतला आणि फेकला, तो त्याच्या छातीवर बसला, त्याला काही झालं नाही. हँडल वर गेलं. मी हात डोक्यावर घेतले.

तडाखा बसल्याचा आवाज आला, पण मला लागलं नाही. डोळे उघडले तर हँडल जमिनीवर पडलेलं आणि थोरला उजवं मनगट पोटाशी धरून वाकलेला. त्याच्यामागं अक्का. हातात हुलगे बडवायचं बडवणं. तिनं दुसरा घाव त्याच ठिकाणी घातला. हाड मोडलेलं मी ऐकलं. तो खाली बसला तेव्हा तिनं पाठीवर घातला, मग खांद्यावर, जिथं जिथं तिला स्वतःला लागलं होतं तिथं तिथं. खळ्यावर हुलगे बडवावेत तशी एका लयीत बडवत होती, दमानं, कोंडा निघेपर्यंत. शेवटी म्हाताऱ्यानं आणि तिघाचौघांनी तिला ओढून बाजूला केलं. मी नाही ओढलं. मला बरं वाटत होतं, आणि ते मी आजही लपवत नाही.

दोघा भावांना एकाच बैलगाडीतून आणि मग एकाच एसटीतून मिरजेला दवाखान्यात नेलं. माझ्या नवऱ्याचं कपाळ शिवलं, थोरल्याचा हात प्लॅस्टरात घातला. डॉक्टरनं विचारलं तर दोघांनी सांगितलं, इंजिनाचं हँडल उलटं फिरलं. भावकीतलं भावकीत. मी इकडं हाताला लागलेलं नवऱ्याचं रक्त पदरानं पुसलं, इंजिन चालू केलं आणि कडवळाला पाणी सोडलं. दारं मोडायला, म्हणजे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायला, सासूनं खोरं धरलं.

बातमी फलटणला पोचली. वडील आले. ओसरीवर बसले, पाणी प्याले, जावयाच्या कपाळाकडं नुसतं बघितलं. मग पहिला प्रश्न मला: "पानं काय हुती?"

"दुर्री, पंजी, अठ्ठी."

त्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "आन् तेवढ्यावर म्हस लावलीस?"

"व्हय."

"हात फुडं कर."

मी हात पुढं केला. त्यांच्या हातात म्हातारपणाची काठी होती. त्यांनी ती त्या दोन पेरांवर टेकवली, मारली नाही. डोळ्यांतून पाणी आलं तसं तोंड फिरवून म्हणाले, "राग आला की उठून जायचं, असं मी तुला सांगितलं हुतं. चुकीचं सांगितलं हुतं म्हण." आणि उठून म्हशीला बघायला गेले.

थोरल्याचं मनगट वाकडं जुळलं. त्या हाताला पुन्हा जोर आला नाही, मूठ वळेना, अंगठा फिरेना. आणि तंबाखू तर सुटत नव्हती. त्यामुळं पुढं तो जगला तितकी वर्षं ती अक्का मळून द्यायची.

पाऊस पडायच्या आधी एकदा मी विस्तव आणायला त्यांच्या दारात गेले. थोरला ओसरीवर भिंतीला टेकून बसला होता. अक्का समोर तंबाखू मळत होती, सावकाश, अंगठा गोल फिरवत. मळून झाली आणि तिनं टाळी मारली. फाट्! आवाज परड्यापर्यंत गेला. थोरल्यानं चटकन गुडघे पोटाशी घेतले आणि वाकडा हात डोक्यावर धरला.

अक्का थोडी थांबली. मग तळहात त्याच्यापुढं केला. "घ्या," म्हणाली.

त्यानं तंबाखू घेतली. अक्कानं माझ्या खापरीत निखारे घातले आणि म्हणाली, "उद्या तुमची पाळी हाय गं. डिझेल घालून ठिवलंय."